नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स करताय? मग पाच जणांचा अभ्यासगट असा बांधा

हा लेख तिशी-चाळिशी-पन्नाशीत पुन्हा शिकायला बसलेल्यांसाठी आहे. शाळेत शिकवता शिकवता 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स करणारे शिक्षक, कंपनीत असताना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारे, मुलं मोठी झाली आता परत नोकरीत जायचं म्हणून स्टॅटिस्टिक्सचा कोर्स लावलेल्या ताया, सगळेच. नाव नोंदवणं सोपं असतं, पैसेही लागत नाहीत, पहिले दोन आठवडे उत्साह असतो, मग एक रविवार लग्नात जातो, एक पाहुण्यांत जातो, मागचे व्हिडिओ साठत जातात आणि कोणी विचारणारंच नसतं त्यामुळे कोर्स नेमका कधी सुटला तेही कळत नाही. कॉलेजात वर्ग होता, बाजूला बसणारं कुणीतरी होतं, "काल का आला नाहीस" असं विचारलं जायचं. ऑनलाइन शिकताना हे सगळं आपलं आपल्याला उभं करावं लागतं.

नुसता व्हॉट्सॲप ग्रुप काढून ते उभं राहत नाही, हे आधीच सांगते. माझं ठाम मत आहे की गट टिकतो तो एका गोष्टीवर: प्रत्येकाकडे बाकीच्यांना लागेल असं काहीतरी पाहिजे आणि ते त्याने आणलं नाही तर बाकीच्यांचं अडलं पाहिजे. मैत्री होते, छान होते, पण ती नंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठीच आहेत. उदाहरणाला एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमातला, १२ आठवड्यांचा कोर्स घेतलाय कारण त्याचं वेळापत्रक पक्कं असतं, पण तुम्ही नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी करत असाल किंवा इग्नूचा डिप्लोमा, तरी यातलं बहुतेक सगळं चालेल.

पायरी १: आधी कोर्सचे नियम नीट वाचा

गट जमवायच्या आधी हे करा. एनपीटीईएलमध्ये १२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे साधारण ३० तासांचे व्हिडिओ, आठवड्याला अडीच तास, बऱ्याच कोर्समध्ये ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच लेक्चरमध्ये वाटलेले असतात. दर आठवड्याला एक असाइनमेंट, त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ धरतात आणि त्यांचे २५ मार्क. शेवटची परीक्षा ७५ मार्कांची, ती सेंटरवर जाऊन द्यायची असते. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मार्क लागतात. आजवर हेच गणित चालत आलंय, तरी आपल्या कोर्सच्या पानावर एकदा बघून घ्या. आणि कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नसतं, परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची फी भरावी लागते, भलेभले इथे चुकतात, म्हणून ही तारीख लक्षात ठेवायचं काम पहिल्याच दिवशी गटातल्या एकाच्या नावावर टाका.

१२ पैकी ८ च असाइनमेंट धरतात म्हणजे चार आठवडे आपल्या हातात आहेत. जुलैमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात गणपती येतात, नवरात्र येतं. जानेवारीच्या सत्रात बँकेत आणि अकाउंटमध्ये असलेल्यांना मार्च एंडिंग असतं, शिक्षकांना दहावी-बारावीच्या परीक्षांची ड्युटी आणि पेपर तपासणी असते. कोणाचे कोणते आठवडे जड जाणार हे सुरुवातीलाच कागदावर आलं की नंतर कोणी कोणावर रुसत नाही.

पायरी २: माणसं किती आणि कुठली

चार ते सहा. पाच सगळ्यात बरे. तिघांत एक आजारी पडला की गट संपतो, आणि आठ-दहा झाले की प्रत्येकाला वाटायला लागतं की आपण नाही बोललो तरी चालतंय. हे नुसतं माझं निरीक्षण नाहीये. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, ते १९१३ मध्ये छापून आलं. माणसं वाढत गेली तसा दर माणशी जोर कमी होत गेला, आठ जणांपर्यंत तो जवळपास निम्म्यावर आला. थोडा दोष एकत्र ओढताना ताळमेळ न बसण्याचा होता. पण १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी माणसांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, तेव्हा आपल्यासोबत बाकीचेही ओरडतायत एवढं नुसतं वाटलं तरी माणूस आवाज कमी काढतो असं दिसलं. ती माणसं काही आळशी नव्हती. आपला आवाज वेगळा मोजला जाणार नाही हे कळलं की कुणाचाही जोर आपोआप कमी होतो, तुमचाही आणि माझाही.

म्हणून शंभर जणांच्या ग्रुपमध्ये "कोणी अभ्यास करणार का सोबत" असं टाकून जमेल तितके घेऊ नका. ओळखीतून, ऑफिसमधून, त्याच कोर्सला असलेल्यांतून एकेकाला स्वतंत्र विचारा. सगळे एकाच पातळीचे असावेत असा हट्ट नको, मात्र रोज किती वेळ देणार याचं उत्तर साधारण जुळायला पाहिजे, एकाला रोज दोन तास द्यायचेत आणि दुसऱ्याला रविवारी एकदाच बसायचंय तर दोघंही वैतागतील. जिवलग मैत्रिणींचाच गट करू नका असंही सांगेन, कारण मैत्रिणीला "तुझा भाग राहिला" असं म्हणणं फार जड जातं.

पायरी ३: पहिली मीटिंग, अभ्यास न करता

पहिल्या भेटीत व्हिडिओ, असाइनमेंट काही नको. एकमेकांना फक्त तीन गोष्टी विचारा. हा कोर्स कशासाठी करताय, आठवड्यात खरंच किती वेळ मिळतो, आणि कशाची भीती वाटते. पहिल्या प्रश्नाला बरेच जण "ज्ञानासाठी" म्हणून मोकळे होतात, तिथे थोडं खोदून विचारा. एकाला प्रमोशनसाठी सर्टिफिकेट हवं असतं, कॉलेजात शिकवणाऱ्याला फॅकल्टी डेव्हलपमेंटसाठी ते दाखवायचं असतं, कुणाला नुसतं शिकायचं असतं आणि परीक्षा द्यायचीच नसते. सगळं चालतं, पण माहीत पाहिजे. परीक्षा न देणारा माणूस दहाव्या आठवड्यात ढिला पडला तर बाकीच्यांना तो धोका वाटू नये.

वेळ ठरवताना एक गोष्ट मी नेहमी आग्रहाने सांगते. ज्या माणसाचा वेळ सगळ्यात कमी त्याच्या हातात असतो त्याला आधी विचारा. रात्री साडेआठ ही वेळ पुरुषांना सोयीची वाटते आणि त्याच वेळी बाईच्या हातात पोळीचं पीठ असतं, ती "चालेल" म्हणते, दोन आठवडे कानात इअरफोन घालून ओट्याशी उभी राहून ऐकते आणि तिसऱ्या आठवड्यात येत नाही. मग सगळे म्हणतात तिचं लक्ष नव्हतं. साडेनऊ-दहा करा, किंवा शनिवारी सकाळी लवकर, तिला जमेल तसं. गावाकडे राहणारं कोणी असेल तर भारनियमनाची वेळ कुठली, रेंज घरात येते की गच्चीवर जावं लागतं, हेही विचारा. परदेशातलं कोणी असेल तर भारतातले रविवार संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ, त्यांची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, तेव्हा आठवण ठेवा.

आणखी एक, हाक कशी मारायची. आपल्याकडे गटात एखादे हेडमास्तर किंवा मॅनेजर असले की ते लगेच "सर" होतात आणि बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात, मग सर बोलतात आणि सगळे "हो सर, बरोबर सर" करतात. मान द्यायचाच आहे, अहो-जाहो करा, पण सगळ्यांनी सगळ्यांना नावाने, किंवा वयाप्रमाणे ताई-दादा-काका. त्या सरांनीच पहिल्या दिवशी "मला इथे सर म्हणू नका, मीही शिकायलाच आलोय" असं सांगितलं तर फार फरक पडतो.

पायरी ४: काम असं वाटा की कोणी सुटणार नाही

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन घरांतली मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि शाळांमध्ये भांडणं सुरू झाली. एलियट अरॉन्सन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी तिथे गेले. वर्गात काय चाललंय ते बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाई प्रश्न विचारतात, मुलं हात वर करतात आणि एकाचं उत्तर चुकलं की दुसऱ्याला संधी मिळते म्हणून बरं वाटतं. त्यांनी पाच-सहा मुलांचे गट केले आणि धड्याचे तितकेच तुकडे केले, प्रत्येकाला एकच तुकडा दिला. उरलेला धडा कळायचा तर बाकीच्यांकडून ऐकण्याशिवाय मार्गच नाही. ज्या मुलाला वर्ग हसायचा, अडखळत बोलतो म्हणून चिडवायचा, त्याच्याकडचा तुकडा आता सगळ्यांना पाहिजे होता. मग मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली. त्या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

मोठ्यांच्या ऑनलाइन गटात हे करणं आणखी सोपं आहे. आठवड्याला पाच लेक्चर, माणसं पाच. व्हिडिओ सगळ्यांनी सगळे बघायचे, पण प्रत्येकाने एका लेक्चरची जबाबदारी घ्यायची. जबाबदारी म्हणजे काय ते अगदी स्पष्ट ठरवा: सात-आठ मिनिटांत ते लेक्चर स्वतःच्या शब्दांत समजावणं, व्हिडिओत नसलेलं एक उदाहरण स्वतः तयार करणं, आणि बाकीच्यांना विचारायला तीन प्रश्न आणणं. पीपीटी नको, पीपीटी आली की माणूस वाचून दाखवतो.

समजा पायथनचा कोर्स आहे आणि तुमच्या वाट्याला मर्ज सॉर्ट, म्हणजे आकडे लहान-मोठे क्रमाने लावायची एक रीत, आलंय. पत्त्यांची गड्डी घ्या, आठ पत्ते पिसून काढा, मोबाइल वरून टेबलाकडे रोखून लावा. आठाचे चार-चार, चाराचे दोन-दोन, दोनाचे एक-एक करा. मग दोन ढिगांचे वरचे पत्ते बघत लहान असेल तो आधी उचलत परत एकत्र करत या, मराठीतच बोला, मध्येच थांबून "आता कुठला उचलू" असं विचारा. कोड न बघता हे जमलं तर ते लेक्चर तुम्हाला कळलं, आणि अडलात तर कुठे अडलात तेही सगळ्यांना दिसलं, दोन्ही उपयोगाचंच.

कोणाला कुठलं लेक्चर द्यायचं ते आळीपाळीने ठरू दे. आवडीप्रमाणे वाटलं की हुशार माणूस कायम अवघड भाग घेतो आणि कच्चा माणूस कायम ओळखीचं प्रकरण घेऊन बसतो, मग तीन आठवड्यांत एक मास्तर आणि चार श्रोते उरतात. कच्च्या माणसाला अवघड भाग आला तर त्याला आदल्या दिवशी एकाने फोनवर मदत करायची, बोलायचं मात्र त्यानेच.

असाइनमेंटची उत्तरं हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी अजिबात ढिलाई करत नाही. संकल्पना एकत्र शिका, त्याच प्रकारचं दुसरं गणित एकत्र सोडवा, पण कोर्सची असाइनमेंट ज्याची त्याने सोडवायची आणि डेडलाइन व्हायच्या आत उत्तरं ग्रुपवर टाकायची नाहीत. कोर्सचा नियमही तोच आहे. आणि ज्या गटात उत्तरं फिरायला लागतात तिथे चर्चा बंद पडते, कारण मग एकमेकांची गरजच उरत नाही. डेडलाइन झाली की मात्र चुकलेली उत्तरं मनसोक्त काढा.

पायरी ५: आठवड्याची मीटिंग

एक तास, त्यापेक्षा जास्त नको. गूगल मीटवर फुकटात तीन किंवा जास्त माणसं असली की साठ मिनिटंच मिळतात, हे आपल्या फायद्याचंच आहे. पाच जणांचे आठ-आठ मिनिटं म्हणजे चाळीस, वीस मिनिटं प्रश्नांना. दर आठवड्याला मीटिंग चालवणारा वेगळा, आणि नोंदी लिहिणारा वेगळा. चालवणाऱ्याचं मुख्य काम वेळ बघणं आणि गप्प बसलेल्याला नावाने बोलावणं. "कोणाला काही शंका?" असं ऑनलाइन विचारलं की शांतताच मिळते, प्रत्येकाला वाटतं दुसरा बोलेल. "सुनीताताई, दुसऱ्या उदाहरणात तुम्ही काय केलं असतं?" असं विचारा, म्यूट काढायला वेळ द्या, पाच-सहा सेकंद थांबा, घाईने स्वतःच उत्तर देऊ नका.

सगळ्यांनी बोलणं हा नुसता शिष्टाचार नाहीये. २०१० मध्ये अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी गटांना वेगवेगळी कोडी आणि कामं देऊन बघितलं. गटातल्या माणसांची सरासरी हुशारी किंवा सगळ्यात हुशार माणूस किती हुशार यावरून गटाच्या कामाचा अंदाज फारसा येत नव्हता. बोलण्याची पाळी सगळ्यांना बऱ्यापैकी सारखी मिळते का आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन ओळखणारी माणसं गटात आहेत का, यावरून जास्त कळत होतं.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. एका खोलीत चार माणसं राहणारी घरं आहेत, मागे कोणी झोपलेलं असतं, कुणी लोकलमधून जोडलेलं असतं. बोलताना दोन मिनिटं चेहरा दिसला तरी पुरे. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारून, आणि कोणी नको म्हणालं तर कारण न विचारता नको.

पायरी ६: व्हॉट्सॲपचे नियम, थोडक्यात

गुड मॉर्निंग, वाढदिवस, फॉरवर्ड यांना अभ्यासाच्या ग्रुपवर जागा नाही, हवं तर गप्पांचा दुसरा ग्रुप काढा, आणि खरंच काढा कारण माणसांना गप्पा लागतात. प्रश्न टाकताना कितव्या आठवड्याचं कितवं लेक्चर, कितवं मिनिट, आणि मी काय करून बघितलं, एवढं लिहा, नुसतं "समजलं नाही" ला कोणी उत्तर देऊ शकत नाही. व्हॉइस मेसेज एका मिनिटाच्या आत. नोट्स चॅटमध्ये हरवतात, त्या गूगल डॉक्समध्ये एका फाइलमध्ये आठवड्याप्रमाणे ठेवा आणि लिंक ग्रुपच्या माहितीत टाका. रात्री अकरानंतर आलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळी दिलं तरी चालतं, हे बोलून ठेवा.

पायरी ७: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुरबूर होईल, घाबरू नका

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये छोट्या गटांवरचे पन्नासेक अभ्यास चाळून एक क्रम मांडला: आधी माणसं जमतात आणि एकमेकांशी गोड वागतात, मग वाद होतात, मग नियम बसतात आणि मग काम वेग घेतं. प्रत्येक गट याच क्रमाने जातो असं मी म्हणणार नाही, पण नवीन माणसाला एवढं माहीत असलं की पहिल्या वादात तो ग्रुप सोडून जात नाही. वाद बहुतेक वेळा साध्याच गोष्टीवर असतो, कोणीतरी उशिरा येतं, कोणीतरी तयारी करून येत नाही, कोणीतरी फार बोलतं.

तयारी न करणाऱ्याला ग्रुपवर टोकू नका. चारचौघांत टोकलेलं माणूस विसरत नाही आणि दुसऱ्या दिवशी "लेफ्ट" दिसतं. एकाने फोन करायचा, मेसेज नाही, फोनच, आणि आधी घरचं सगळं ठीक आहे ना ते विचारायचं. दहातल्या आठ वेळा खरंच काहीतरी असतं, सासूबाईंचं ऑपरेशन, बदलीची ऑर्डर, पगार अडकलेला. मग त्या आठवड्याचा त्याचा भाग वाटून घ्या आणि पुढचा कुठला तो घेणार ते त्याच फोनवर ठरवा. लागोपाठ तीन आठवडे तो आला नाही आणि फोनही उचलत नसेल, तर "तुमच्यासाठी जागा आहे, नोट्स इथे आहेत, आम्ही पुढे जातोय" असा प्रेमाने मेसेज करून पुढे जा. त्याच्यासाठी सगळ्यांनी थांबलात तर पाचही जणांचा कोर्स जाईल.

फार बोलणाऱ्या माणसाला नोंदी लिहायचं काम द्या. लिहिताना तो ऐकतो, आणि त्याच्या नोंदी सहसा उत्तम असतात.

"मला हे कळलं नाही" हे वाक्य गटात सहज बोललं गेलं पाहिजे. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, आधी ते उलटंच वाटलं, मग लक्षात आलं की तिथे माणसं चुका न घाबरता सांगत होती, बाकीकडे लपवत होती. अभ्यासगटात याची सुरुवात सगळ्यात अनुभवी माणसाने करायची असते. वीस वर्षं इंजिनिअर असलेले काका जेव्हा म्हणतात की चौथं लेक्चर मी तीनदा बघितलं तरी डोक्यात शिरलं नाही, तेव्हा गृहिणी असलेली ताई पहिल्यांदा तिचा प्रश्न विचारते.

पायरी ८: परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे

आता नवीन समजावणं बंद आणि प्रश्न विचारणं सुरू. नोट्स पुन्हा पुन्हा वाचल्या की सगळं येतंय असं वाटतं, पण रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आणि आठवड्याने विचारलं तेव्हा वाचून मग न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षाही वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते, आठवड्यांनी असते. तेव्हा प्रत्येकाने आधी जमवलेले तीन-तीन प्रश्न बाहेर काढा, बारा आठवड्यांत पाच जणांचे मिळून १८० होतात, रोज सकाळी दहा प्रश्न ग्रुपवर टाका, उत्तरं कागदावर लिहायची आणि संध्याकाळी तपासायची. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चुकलेले तेवढेच घ्या.

हॉल तिकीट आलं का, सेंटर कुठे आहे, ओळखपत्र कुठलं लागतं, हे प्रत्येकाला एकदा विचारा. खूप वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्याचा हात थरथरतो, आदल्या रात्री कोणीतरी दोन मिनिटं फोन करा.

परीक्षा झाल्यावर आठवड्याभरात शेवटची मीटिंग ठेवा, ही टाळू नका. तीन गोष्टी उरकायच्या: नोट्सची फाइल कोणाच्या नावावर राहणार, पुढचा कोर्स एकत्र करायचा का आणि कुठला, आणि ज्याला थांबायचंय त्याने मोकळेपणाने थांबतो म्हणायचं. पुढे जाणारे तीनच उरले तर नवीन दोघांना घ्या आणि पायरी ३ पुन्हा पहिल्यापासून करा, कारण नवीन माणसं आली की तो गटही नवीन होतो आणि जुने नियम त्यांनी न विचारता मान्य करावेत अशी अपेक्षा बरोबर नाही.